डॉक्टरीणबाईंच्या गाडीची डावी बाजू

गाडी उघडायला पाना लागतो, पण "हिला आता सोडा" असं मालकाच्या तोंडावर सांगायला छाती लागते. माझी उमर गेली पहिल्या कामात आणि नाव झालं ते दुसऱ्या कामामुळं. "दस्तगीर मिस्त्रीनं कंडम म्हटलं म्हणजे कंडम," असं वाई-साताऱ्याकडं लोक म्हणायचे. आता गॅरेजचं शटर ओढून बरीच वर्षं झाली. या अंकाच्या संपादकांनी चार गमती लिहून मागितल्या, तेव्हा वाटलं, गमती पुष्कळ आहेत, पण लिहायचंच तर जिथं माझं चुकलं ते लिहावं. फुशारकी ऐकायला गिऱ्हाइकं आयुष्यभर होतीच.

फौजेच्या वर्कशॉपात सोळा वर्षं पाने फिरवून मी घरी आलो आणि पुणे-सातारा रस्त्यावर, वाईकडं वळायच्या फाट्याजवळ गॅरेज टाकलं. फौजेत एक बरं असतं. गाडी थकली की अफसरांचं बोर्ड बसतं, कागदावर सह्या होतात, गाडी कंडम. कुणाच्या डोळ्याला पाणी येत नाही. बाहेर येऊन बघतो तर हरेक गाडीमागं एक घर. कुणी त्या गाडीतून बायको आणलेली, कुणी बाप दवाखान्यात नेलेला. अशा गाडीला कंडम म्हटलं की माणसं माझ्याकडं अशी बघायची, जणू त्यांच्या घरातल्या माणसाबद्दलच काही वाईट बोललोय.

नव्वदीची ती वर्षं होती. त्याआधी गाडी म्हणजे दोनच तऱ्हा. नावं सांगत नाही, माझ्या वयाच्या वाचकाला कळेल. गाडी एकदा घेतली की माणूस तिच्याबरोबर म्हातारा व्हायचा, दुसरी घ्यायचा विचारच नसायचा. मग बाजारात नव्या छोट्या गाड्या यायला लागल्या आणि लोकांच्या मनात चलबिचल सुरू झाली. जुनीलाच इंजिन बांधून घ्यावं, की विकून नवी घ्यावी? त्यात आणखी तिसरा फाटा फुटला. महिन्याच्या भाड्यावर गाडी मिळायला लागली. गाडी त्यांची, ड्रायव्हर त्यांचा, दुरुस्तीची कटकट त्यांची, आपण फक्त बसायचं. लोक येऊन विचारायचे, "मिस्त्री, काय करू?"

मी आधी एकच विचारायचो. "महिन्यातले किती दिवस गाडी तुमच्याकडं असते आणि किती दिवस माझ्याकडं?" निम्मी उत्तरं तिथंच मिळायची. बाकीचं उत्तर घाटात. इंजिन बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, सीटा-दारं तर काय, कधीही. खालची चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडाच, गंजून पिचली असेल तर मात्र वरून कितीही खर्च करा, उपयोग नाही. ते ओळखायला मी गाडी वाईहून पाचगणीच्या घाटात न्यायचो. स्टिअरिंगवर मी बसत नसे. गाडीला रोजच्या हाताची सवय असते, परक्या हातात ती वेगळी वागते. म्हणून रोजचा माणूस चालवणार आणि मी मागच्या सीटवर डोळे मिटून बसणार. डोळे उघडे असले की माणूस झाडं बघतो, दरी बघतो, कान बंद पडतात. डोळे मिटले की पिस्टन कुठं ठोकतोय, स्प्रिंगचा पाटा कुठं कुरकुरतोय, सगळं कळतं. "मिस्त्री डोळं मिटून गाडी बघतो," असा माझा लौकिक होता आणि त्याची मला घमेंड होती. हे लक्षात ठेवा.

सांगलीचे एक हळदीचे व्यापारी होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मुलगी पाचगणीच्या शाळेत बोर्डिंगला, म्हणून महिन्यातून एकदा या रस्त्यानं यायचे आणि त्यांची गाडी महिन्यातून एकदा माझ्या दारात उकळायची. वडिलांची गाडी, विकणार नाही, हा त्यांचा हेका. मी एकदा सगळी गाडी बघितली. इंजिन बदललेलं, गिअरबॉक्स बदललेला, दारं बदललेली, बोनेट दुसऱ्याच गाडीचं.

"अण्णा," मी म्हटलं, "यात वडिलांचं काय उरलंय?"

अण्णांनी बराच विचार केला. "हॉर्न," ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. चेसिस गंजानं पार खाल्लेली होती, मी कंडम म्हणून सांगितलं. अण्णा भडकले, मला नाही नाही ते बोलले, मग गाडीत एकटेच जाऊन बसले. अर्ध्या तासानं खाली उतरून म्हणाले, "तेवढा हॉर्न काढून द्या." तो कागदात गुंडाळून घेऊन गेले. पुढं त्यांनी नव्या गाड्या घेतल्या आणि त्यांच्या भावानं महिन्याच्या भाड्यावर गाड्या द्यायचा धंदाच सुरू केला, थेट साताऱ्यापर्यंत. अण्णांच्या वेळीच मला कळायला हवं होतं की माणूस गाडी घेऊन येतो तेव्हा प्रश्न दर वेळी गाडीचाच असतो असं नाही. कळलं नाही. मी तो किस्सा हॉर्नची गंमत म्हणून चार जणांना सांगत राहिलो.

आता डॉक्टरीणबाईंकडं येतो.

बाईंचा दवाखाना वाईत. बायका-पोरांच्या डॉक्टर. वाडी-वस्तीवरून निरोप आला की स्वतः जायच्या. आठवड्यातून दोन दिवस घाट चढून वरच्या गावांत पेशंट बघायच्या. लग्न केलेलं नव्हतं. घरात त्या आणि एक स्वयंपाकाच्या मावशी. गाडी अठरा वर्षांची, आणि अठराही वर्षं तिच्यावर ड्रायव्हर एकच, शिवराम. गाडी आली त्या आठवड्यात तो फौजेतून सुटून आला होता. फौजेत तो ट्रक चालवायचा. माझी आणि त्याची पलटण वेगळी, पण बर्फातल्या एकाच रस्त्यावर दोघांनी दोन हिवाळे काढलेले. तिथं ओळख झाली नाही, इथं गॅरेजवर झाली. तो मला "उस्ताद" म्हणायचा. बाहेर मला सगळे मिस्त्री म्हणत. उस्ताद म्हणणारा तो एकटाच, आणि ते ऐकायला मला फार गोड लागायचं.

शिवराम गाडी पुसायचा तसं कुणी आपल्या पोरालाही पुसत नसेल. अशा माणसाच्या गाडीला एके दिवशी डावीकडं पोचा पडलेला दिसला. पुढचा डावा मडगार्ड.

"काय रं हे?"

"बैलगाडीवाल्यानं घासलं, उस्ताद. बाईस्नी नगा सांगू. जीवाला लावून घेत्यात."

मी ठोकून सरळ केलं, पुट्टी भरली, घासलं, रंगाचा हात मारला. पैसे घेतले नाहीत. फौजी माणूस, एवढं तर करायलाच हवं. तीन महिन्यांनी डावा दिवा फुटून आला. "फाटकाला लागला." मग डावं दार. मग मागचा डावा मडगार्ड. दोन वर्षं असं चाललं. प्रत्येक वेळी कारण निराळं आणि बाजू तीच. जो मिस्त्री डोळे मिटून पाटा कुठला ते सांगतो, त्याला उघड्या डोळ्यांनी एवढं दिसू नये? खरं सांगू? दिसलं होतं. एकदा पुट्टी घासताना हात थांबलाही होता. पण मनात आलेलं मी मागं सारलं. फौजेत आपला माणूस पकडून द्यायचा नसतो, ही सवय हाडात गेलेली. मी त्याचा पोचा झाकत होतो, आणि मला वाटत होतं मी दोस्ती निभावतोय.

त्याच काळात बाईंनी पुढच्या सीटचं काम काढलं. बाई कायम मागं बसायच्या, पेशंटचे कागद बघत. आता म्हणाल्या, "कंबर दुखते हो मिस्त्री. पुढं बसलं की बरं वाटतं. ती डावी सीट जरा चांगली करून द्या." मी सीट उघडली, नवा काथ्या भरला, स्प्रिंगा बदलल्या, पाठीला उशी शिवून घेतली. झकास झाली. बाईंनी बसून बघितलं आणि म्हणाल्या, "वा! आता सगळं नीट दिसतं." कंबरदुखीचा माणूस "दिसतं" कशाला म्हणेल, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

मग फेब्रुवारीत एका सकाळी बाई गॅरेजवर आल्या. शिवरामला त्यांनी समोर चहा प्यायला पाठवलं.

"मिस्त्री, गाडीचं काहीतरी ठरवायचंय. दुरुस्त करत राहू, की विकून नवी घेऊ, की ते सांगलीवाले महिन्यावर देतात तशी घेऊ?"

"महिन्यावर घेतलीत तर ड्रायव्हर त्यांचा असतो बाई."

"हो," बाई म्हणाल्या. "त्यांचाच असतो." आणि रस्त्याकडं बघत राहिल्या. "तुम्ही घाटात नेऊन बघा. तुम्ही म्हणाल ते मी करीन. गाडी जुनी झालीय, हे मला दिसतंय. तुम्ही फक्त तसं सांगा."

त्यांच्या बोलण्यात काहीतरी आर्जव होतं. मला वाटलं, थकल्या असतील.

दुसऱ्या दिवशी शिवराम एकटा आला, सायकलवरून. उभ्या उभ्याच म्हणाला, "उस्ताद, गाडी पास करा."

"बघू तरी दे."

"बघा की. पर पास करा. ती भाड्याची गाडी आली की मी कुठं जाऊ? पोरगी अजून द्यायची हाय. आनि त्ये बी जाऊ द्या. सकाळी उठून काय करायचं मानसानं?"

"गाडी चांगली असंल तर मी कशाला कंडम म्हणीन रं?"

"व्हय. तुमी खरंच बोलता." असं म्हणून त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. लहानथोर कुणी असो, शिवराम असा कुणाच्या हाताला धरणारा नव्हता.

ठरल्या दिवशी सकाळी दहाला आम्ही वाईहून निघालो. बाईंची बाह्यरुग्णांची वेळ, त्या दवाखान्यात. शिवराम स्टिअरिंगवर, मी मागं, पुढची डावी सीट रिकामी. गाव सुटलं, घाट लागला, मी डोळे मिटले.

काय सांगू, गाडी गात होती. इंजिनाचा आवाज एकसारखा, कुठं ठोका नाही. दुसऱ्या गिअरला क्लच जरा घसरत होता, मागचे पाटे बसलेले होते, बाकी अठरा वर्षांच्या मानानं अव्वल. शिवरामचा हात तर सोन्याचा. कुठं गिअर टाकला हे आवाजावरूनच कळायचं, धक्का बसायचा नाही. वरपर्यंत गेलो, चहा घेतला, मी म्हटलं, "पास रं गड्या." त्याचा चेहरा उजळला. उतरताना तो गुणगुणत होता. मी पुन्हा डोळे मिटले.

तेव्हा डावीकडून आवाज आला. इंजिनाचा नाही, पाट्याचा नाही. काहीतरी वेताचं मोडावं तसा करकर आवाज, आणि पाठोपाठ बाईमाणसाची किंकाळी.

"थांब! थांब, शिवराम!" मी ओरडलो.

गाडी थांबली. मी दार उघडून मागं धावलो. रस्त्याच्या डाव्या कडेला स्ट्रॉबेरी विकायला बसलेली एक बाई मागच्या दगडी कठड्याला पाठ लावून उभी होती. पायाशी तिची पाटी चेपलेली, फळं रस्ताभर. आमच्या डाव्या चाकावर, मडगार्डवर लाल चिखल. मला काही क्षण कळेना की हे फळाचं आहे की कशाचं. खुदाची खैर, फळाचंच होतं. बाईला खरचटलंही नव्हतं. ती वेळेवर उठली म्हणून.

शिवराम आला. आणि बाईनं त्याला धरलं.

"डोळं फुटल्यात व्हय रं तुझं? एवढी धडधडीत बसलीया मी! लुगडं तांबडं, पाटी तांबडी, दिसंना व्हय तुला?"

शिवराम तिच्याकडं बघत होता, मग पाटीकडं, मग गाडीकडं. मला हळूच म्हणाला, "उस्ताद, ही बाई कुठं हुती?"

घाटात ऊन होतं. लख्ख ऊन.

पाटीचं काय ते बाईला दिलं, तिची माफी मागितली. तिनं आणखी चार शिव्या दिल्या, त्या आम्ही दोघांनी मान खाली घालून ऐकल्या. मग मी शिवरामला कठड्यावर बसवलं. "समोर त्या झाडाकडं बघ. उजवा डोळा हातानं झाक." खिशातला पाना काढून त्याच्या डाव्या बाजूला धरला. "काय दिसतंय?"

"झाड."

"आनि?"

"आनि काय?"

पाना त्याच्या कानापासून वीतभर होता. मी तो पुढं आणत गेलो. पार नाकासमोर आला तेव्हा तो दचकला.

"कवापासून, शिवराम?"

त्यानं उजव्या डोळ्यावरचा हात काढला. मग म्हणाला, "दोन वरीस झालं. आदी कडेचं धुरकट व्हायचं. मग गेलंच. बाई पुढं बसायला लागल्यापासनं बरं चाललं हुतं."

"का?"

"त्या बोलत ऱ्हात्यात न्हवं? 'शिवराम, ती म्हैस बघ केवढी.' 'शिवराम, ती पोरं शाळेला निघाली वाटतं.' मला वाटायचं आता म्हाताऱ्या व्हायला लागल्यात, बडबड वाढलीया. पर त्येच्यामुळं डावीकडचं कळायचं."

फौजेत ट्रकला दुसरा माणूस असतो. डाव्या सीटवर. वळणावर, गाडी रस्त्याला लावताना तो बाहेर बघतो आणि ओरडतो, "लेफ्ट किलेर!" म्हणजे डावी बाजू मोकळी. तो ओरडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. शिवरामनं आणि मी ती आरोळी हजार वेळा ऐकलेली. त्याच्या ध्यानात आलं की नाही माहीत नाही, माझ्या आलं. डाव्या सीटला मी भरलेला नवा काथ्या, "आता सगळं नीट दिसतं," आणि दोन वर्षांची माझी पुट्टी. आम्ही तिघंही एकाच गोष्टीवर रंग मारत बसलो होतो. मला स्वतःची इतकी शरम त्याआधी कधी वाटली नव्हती. पहिला पोचा आला तेव्हाच मी त्याला झाडाकडं बघायला लावलं असतं तर? काय बिघडलं असतं? डोळा लवकर दाखवला असता, एवढंच.

खाली गाडी मी आणली. तो डाव्या सीटवर बसला. अठरा वर्षांत त्या गाडीत तो त्या जागी पहिल्यांदा बसला होता.

दवाखान्यातले पेशंट गेले होते. शिवराम गाडीपाशीच थांबला. मी आत गेलो.

"बोला मिस्त्री," बाई म्हणाल्या. "कंडम ना?"

"नाही. इंजिन उत्तम आहे. क्लचप्लेट आणि मागचे पाटे, बस्स. गाडी अजून चार-पाच वर्षं सहज घाट चढेल."

बाईंचा चेहरा पडला. गाडी चांगली आहे हे ऐकून पडलेला मालकाचा चेहरा मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो.

"नीट बघितलीत ना?"

"बघितली."

"अहो, अठरा वर्षांची गाडी आहे! कंडम म्हणायला तुमचं काय जातं?"

"गाडीबद्दल मी खोटं बोलत नाही बाई," मी म्हटलं. "पोचे झाकले, ते वेगळं."

बाई म्हणाल्या, "कळलं तर तुम्हाला."

"आज कळलं. तुम्हाला कधीपासून?"

"वर्ष झालं. माझी कंबर ठणठणीत आहे, मिस्त्री." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "डोळे दाखवायला पुण्याला चल म्हटलं की म्हणायचा, माझी नजर घारीची हाय. मी डॉक्टर आहे हो. परक्या माणसांना रोज तोंडावर सांगते, गाठ आहे, मूल राहायचं नाही. सांगताना कधी जीभ अडखळली नाही. आणि याला एवढं सांगता येईना. म्हटलं, गाडी गेली की तिच्याबरोबर तोही उतरेल. वाईट वाटायचं ते गाडीचं वाटेल. निदान माझा राग तरी करणार नाही."

मी घाटातलं सगळं सांगितलं. पाटीचं सांगताना बाईंनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात दारात शिवराम उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे. आत आला आणि चावी टेबलावर ठेवली, चष्म्याशेजारी.

"बाई, अठरा वर्सांत तुमचा येक बी पेशंट मी वाटंत ठेवला न्हाई," तो म्हणाला. "आज त्या बाईजागी पोरगं असतं तर? घ्या ही."

बाईंनी चावीला हात लावला नाही. रडत होत्या. लपवण्याचा काही प्रयत्न केला नाही.

तो जायला निघाला तेव्हा म्हणाल्या, "कुठं निघालास?"

"घरी."

"उद्या सकाळी आठला यायचं. पुण्याला डोळे दाखवायला जायचंय. आणि परवापासून दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायला बसायचं. घरी बिरी काही नाही."

पुण्यात कळलं की काचबिंदू आहे. गेलेली नजर येत नाही, उरलेली राखायची. उजवा डोळा बराच राखला गेला.

बाईंनी एक महिना भाड्याची गाडी घेऊन बघितली. गाडी नवी कोरी, ड्रायव्हर माणूस सभ्य. पण संध्याकाळी सहानंतर गाडी मिळणार नाही असं करारात लिहिलेलं, आणि बाळंतीण होणाऱ्या बाईला करार वाचता येत नाही. दवाखान्यातल्या बाकावर शिवराम नंबरांच्या चिठ्ठ्या हातात घेऊन बसायचा आणि बाहेर त्या नव्या गाडीचा दरवाजा आपटला की तोंड फिरवायचा. महिना संपला तशी बाईंनी ती गाडी परत केली. मग मला निरोप, "क्लचप्लेट आणि पाटे टाकून घ्या. डाव्या बाजूला हात लावायचा नाही. पुट्टी नको, रंग नको." नवी का घेत नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "शिकताना आपटायला जुनीच बरी." मला वाटलं, थट्टा करतायत.

मीही माझ्या कामात एक बदल केला. घाटात जायचो, पण डोळे उघडे ठेवून, आणि पुढच्या डाव्या सीटवर बसून. गाडीआधी चालवणाऱ्याकडं बघायचो. लोक म्हणाले, मिस्त्रीचे कान गेले. म्हणेनात का.

दसऱ्याच्या आधी गॅरेजसमोर ती गाडी येऊन उभी राहिली. पुढचा डावा मडगार्ड तसाच चेपलेला. स्टिअरिंगवर डॉक्टरीणबाई! पंचावन्न वर्षांची बाई, पदर खोचलेला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून. नदीकाठच्या मैदानात शिवरामनं सगळा उन्हाळा त्यांना शिकवलं होतं. तो डाव्या सीटवर, माझ्या काथ्याच्या सीटवर, खाकी शर्ट घालून ताठ बसलेला.

"लय तापट शिकाऊ हाय, उस्ताद," तो मला म्हणाला. "गिअर चुकला की माझ्यावरच डाफरत्यात."

ऑइल बदललं, चहा झाला. निघताना बाईंनी गाडी रस्त्याच्या तोंडाशी आणून थांबवली. शिवराम समोर बघत, मान न हलवता, फौजेतल्यासारखा ओरडला, "लेफ्ट किलेर!"

डावीकडून एक सायकलवाला दुधाच्या किटल्या लटकावून येत होता. अगदी जवळ. मी ओरडायला तोंड उघडलंच होतं. बाईंनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. पाय ब्रेकवरून हलवला नाही, काही बोलल्याही नाहीत. सायकल पुढून गेली, किटल्यांचा आवाज लांब गेला, तोपर्यंत थांबून राहिल्या.

"किलेर," बाई म्हणाल्या, अगदी त्याच्यासारखंच, आणि क्लच सोडला.